चिखलातल्या रोपांना ओळख देणारे फादर ब्लॅटर



पाऊस चांगला झाला की आपल्या पालम तालुक्यात गोदावरीचा काठ, ओढे, पाझर तलाव आणि रस्त्याकडेची डबकी हिरवीगार होतात. या हिरवाईला आपण सरसकट गवत म्हणतो आणि पुढे जातो. गुरे तोंड लावतात ते चांगले, लावत नाहीत ते निकामी, एवढाच आपला हिशेब असतो. परंतु त्या चिखलात उभ्या असलेल्या प्रत्येक रोपाला स्वतःचे नाव आहे, स्वतःचे कुळ आहे आणि देवाने नेमून दिलेले कामही आहे. ते ओळखायला शिकणे आणि इतरांना शिकवणे यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका धर्मगुरूंची ओळख आज आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव फादर एथलबर्ट ब्लॅटर.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला त्यांचे नाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत कित्येक लॅटिन नावांच्या शेवटी ब्लॅट. असे संक्षिप्त रूप छापलेले असते, ते त्यांचेच. शास्त्रज्ञांना ते चांगले परिचित आहेत, पण आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांत त्यांचे नाव क्वचितच निघते. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, हा आमचा हेतू आहे.

एथलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमधील आपेन्झेल या डोंगराळ प्रदेशात झाला. तरुणपणी त्यांनी येशूसंघात, म्हणजे जेज्वीट संघात, प्रवेश केला. हा निर्णय त्या काळी सोपा नव्हता. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेने १८४८ सालीच येशूसंघाला बंदी केली होती. १८७४ मध्ये ती अधिक कडक झाली आणि १९७३ च्या सार्वमतानंतरच उठली. शेजारच्या जर्मनीतही १८७२ पासून १९१७ पर्यंत येशूसंघाला थारा नव्हता. त्यामुळे या संघाच्या जर्मन प्रांताने आपली शिक्षणगृहे हॉलंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये हलवली होती. म्हणजे येशूसंघीय होऊ इच्छिणाऱ्या स्विस तरुणाला आधी घर आणि देश सोडावा लागे, तेव्हाच त्याचे पहिले पाऊल पडे.

याच जर्मन प्रांताकडे मुंबई-पुणे मिशनची जबाबदारी होती. १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू करणारे हेच लोक. त्यांच्यापैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून आपल्या सर्वांच्या परिचयाचे निरोप्या मासिक सुरू केले. त्याच १९०३ साली ब्लॅटर मुंबईत दाखल झाले आणि सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. एकाच मिशनच्या दोन माणसांनी एकाच वर्षी या भूमीतील दोन कामे हाती घेतली. एकाने इथल्या माणसांच्या भाषेत लिहायला घेतले, दुसऱ्याने इथल्या झाडाझुडपांची नावे लिहायला घेतली.

डोंगरात वाढलेल्या या माणसाचे लक्ष मुंबईत आल्यावर सर्वप्रथम कुठे गेले असेल, तर खाडीच्या चिखलाकडे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ मध्ये त्यांचा मुंबई इलाख्यातील खारफुटीवरील लेख प्रसिद्ध झाला. खारफुटी म्हणजे खाऱ्या दलदलीत वाढणारी झाडे. लांबून पाहिले तर ती सारी सारखीच दिसतात. जवळ गेल्यावर मात्र भेद कळतो. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ मुळे वर आलेली असतात आणि त्यांतून झाड श्वास घेते. कांदळ आपल्या कमानीसारख्या मुळांवर खांबांवरच्या घरासारखे उभे असते, आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखे लोंबू लागते. ज्या काळात अशा जागा म्हणजे भराव टाकून बुजवायची घाण, असा समज होता, त्या काळात ब्लॅटर यांनी त्यांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. पुढे २०२२ साली ठाण्याच्या खाडीला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. खारफुटीची किंमत सर्वमान्य व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली, असे म्हणायला हरकत नाही.

ब्लॅटर यांच्या कामाची पद्धत साधी पण कष्टाची होती. रोप मुळासकट, फुलाफळांसह उपटायचे, कागदांच्या घड्यांत दाबून वाळवायचे, कागद पुन्हा पुन्हा बदलायचे, मग जाड कागदावर लावून खाली चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. असा नमुना जपलेला असला, की उद्या कोणाला आपण दिलेले नाव चुकीचे वाटले तर तो नमुना समोर ठेवून ते दुरुस्त करता येते. आपल्या शब्दापेक्षा वस्तूला मोठे मानण्याची ही शिस्त आहे. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत हे काम किती कठीण जात असेल, याची कल्पना पापड वाळवणाऱ्या आपल्या माताभगिनींना सहज येईल.

त्यातही पाणथळ जागेतील रोपे फार अवघड. ती थोडे आठवडे दिसतात आणि पाणी आटले की नाहीशी होतात. काही रोपे पाण्याखाली असताना एका रूपात दिसतात आणि चिखलावर आली की दुसऱ्याच. त्यामुळे एकाच रोपाला दोन नावे मिळतात किंवा दोन वेगळ्या रोपांना एकच नाव मिळते. भारतातील रोटाला आणि अमानिया या दोन वंशांच्या बाबतीत असाच गोंधळ होण्याजोगा होता. ही भातखाचरांत, तळ्याच्या काठी आणि ओल्या शेतांत उगवणारी वीतभर रोपे. देठ चौकोनी, पाने समोरासमोर, फुले इतकी बारीक की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. अमानियातील एक जात आपल्या वैदूंना दादमारी या नावाने ठाऊक आहे.

१९१८ साली ब्लॅटर यांनी आपले सहकारी प्रा. हॉलबर्ग यांच्यासह या दोन्ही वंशांतील भारतीय जातींची फेरतपासणी करून प्रसिद्ध केली. हे दोन वंश वेगळे कसे ओळखायचे? पक्व फळ भिंगाखाली धरायचे. रोटालाच्या फळाच्या सालीवर अगदी बारीक आडव्या रेघा दिसतात आणि ते ठरावीक जोडांवर उकलते. अमानियाच्या फळावर त्या रेघा नसतात आणि ते वेडेवाकडे फुटते. मोहरीएवढ्या फळावरची ही रेघ पाहण्यासाठी माणसाला गुडघ्यावर बसावे लागते. भाविकांनो, गुडघ्यावर बसणे आपल्याला काही नवीन नाही.

याच सुमारास या दोघांनी जोधपूर व जैसलमेर भागातील वाळवंटाच्या वनस्पतींचा अभ्यास केला. तो १९१८ ते १९२१ या काळात क्रमशः छापून आला. अमानिया वंशातील एका जातीला त्यांनी अमानिया डेझर्टोरम, म्हणजे वाळवंटातील अमानिया, असे नाव दिले. ओलाव्यावाचून न जगणाऱ्या कुळातील रोप वाळवंटाच्या नावाने ओळखले जाते, हे वाचून नवल वाटते. पण वाळवंटातही पाऊस पडतो, खोलगट जागी थोडे पाणी साचते आणि तेवढ्या काळात हे लहान जीव आपले आयुष्य पुरे करतात. आपल्या मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखाला यातून घेण्यासारखे आहे. पाणथळ जागा म्हणजे बारमाही पाणीच असले पाहिजे असे नाही. चार महिने ओली राहणारी खोलगट जागा हीसुद्धा कोणाचे तरी घर असते.

हा सारा काळ पहिल्या महायुद्धाचा होता. ब्रिटिश सरकारने मिशनमधील अनेक जर्मन येशूसंघीयांना नजरकैदेत ठेवले आणि पुढे मायदेशी धाडले. शाळा, कॉलेजे आणि धर्मग्रामे यांतील माणसे एकाएकी कमी झाली. ब्लॅटर स्विस असल्यामुळे काम करू शकले. त्यांच्या वाट्याला पुढे सेंट झेवियर्सचे प्राचार्यपदही आले. वर्ग, परीक्षा, कार्यालय आणि धर्मगुरूची कर्तव्ये सांभाळून त्यांनी संशोधन चालू ठेवले. पाच ग्रंथ आणि साठाहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

ते एकटे काम करणारे नव्हते, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. १९२२ साली मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील पुस्तक त्यांनी प्रा. डाल्मेडा यांच्यासह लिहिले. चार्ल्स मॅकॅन हा सेंट झेवियर्समध्ये शिकलेला तरुण त्यांचा साहाय्यक झाला आणि पुढे स्वतः नावाजलेला निसर्गअभ्यासक बनला. या दोघांनी १९२६ पासून एक मोठे काम अंगावर घेतले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याची कुळाकुळाने फेरतपासणी करायची, नवे सापडले ते घालायचे, चुकले ते सुधारायचे, असे ते काम. वर्षामागून वर्षे ते छापून येत राहिले. याशिवाय १९२६ मध्ये ताडमाड कुळावरचा ग्रंथ आणि त्यानंतर काश्मीरच्या फुलांवरचे पुस्तक आले. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने योहानेस ब्रूल स्मृतिपदक सुरू केले, तेव्हा त्याचे पहिले मानकरी फादर ब्लॅटर ठरले.

२६ मे १९३४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, फादर ब्लॅटर प्रभूच्या घरी गेले. फेरतपासणीचे काम तेव्हा चालूच होते. त्याचे लेख १९३५ पर्यंत येत राहिले. मॅकॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ मध्ये आणि भारतातील सुंदर वृक्षांवरचे पुस्तक १९३७ मध्ये, असे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले. पेरणी करणारा गेला तरी पीक येतच राहिले. त्यांचा संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो आणि त्यात लाखाहून अधिक नमुने आहेत. तिथलेच काम पुढे नेणारे स्पॅनिश येशूसंघीय फादर सांतापाव १९६१ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या पालमकडे वळू. कुक आणि ब्लॅटर यांच्या ग्रंथांची हद्द मुंबई इलाख्याची होती. आपला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे नगर जिल्ह्यातील तळ्याकाठचे रोप त्या पुस्तकांच्या कक्षेत येत होते आणि आपल्या गोदाकाठचे तेच रोप त्यांच्या बाहेर राहत होते. रोपाला राज्याची सीमा कळत नाही, पण पुस्तकाला कळते. ही उणीव भरून काढण्याचे मोठे श्रेय औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील डॉ. वि. ना. नाईक यांना जाते. त्यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. कुक यांच्या ग्रंथानंतर नव्वद वर्षांनी आपल्या भागाला आपले पुस्तक मिळाले.

पुस्तक झाले तरी ओळख आपोआप होत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले, की एखादी वस्तू जाणायची तर ती कोणासारखी आहे हे आधी पाहावे आणि त्या सारख्यांतून ती वेगळी कशाने पडते हे मग पाहावे. अॅरिस्टॉटलची ही शिकवण झाडांना जशीच्या तशी लागू पडते. काही उदाहरणे घेऊ.

लव्हाळा गवतासारखा दिसतो. पण त्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहा. तो तीनधारी आणि भरीव लागतो. गवताचा दांडा गोल असतो, त्याला पेरे असतात आणि तो बहुधा पोकळ असतो. कमळ आणि कुमुद यांचेही तसेच. कमळाची पाने पाण्याच्या वर उंच उभी राहतात आणि पूर्ण गोल असतात. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते आणि त्याला देठापर्यंत एक खाच असते. ब्राह्मी या एका नावाखाली लोक दोन रोपे विकतात. एकीची पाने लहान, मांसल आणि समोरासमोर असतात. दुसरी मंडूकपर्णी, तिचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि लांब देठावर असते. तालीमखान्याच्या पेऱ्यापेऱ्यावर लांब पिवळसर काटे आणि निळी-जांभळी फुले असतात. पाणकणसाच्या चपट्या उंच पानांमधून तपकिरी मखमली कणीस वर येते. ही सारी आपल्या मातीची रोपे आहेत.

आता बेशरम घ्या. नाल्याच्या कडेला उभी वाढणारी, फिकट गुलाबी फुलांची ही झुडपे सर्वांना ठाऊक आहेत. ती मूळची अमेरिका खंडातील, आणि शेळ्यामेंढ्यांना विषारी. त्याच वंशातील नाळीची भाजी मात्र आपली. तिचे फूल तसेच कर्ण्यासारखे, पण ती पाण्यावर किंवा ओल्या मातीवर पसरते, तिचा दांडा पोकळ असतो आणि ती गरिबाच्या ताटात पोचते. एकाच वंशातील एक पोट भरते, दुसरी जनावर मारते. फूल पाहून दोघींना एक समजणाऱ्याला हा फरक महागात पडेल. जलपर्णीही अशीच दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिच्या पानाचा देठ फुग्यासारखा फुगलेला असतो, यावरून ती लगेच ओळखते.

इथे आपल्या गावांसाठी खरा प्रश्न उभा राहतो. तलाव साफ करायचा ठरला की बेशरम, जलपर्णी, लव्हाळा, पाणकणीस आणि कुमुद या सर्वांना एकाच यंत्राखाली घातले जाते. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतून अनेक तलावांतील गाळ शेतात गेला. दुष्काळी भागात गाळ काढणे आवश्यक आहे, त्याला कोणाचा विरोध नसावा. परंतु काठाची माती धरून ठेवणारी मुळे लव्हाळ्याची आणि पाणकणसाचीच असतात. ती सरसकट खरवडून काढली तर पुढच्या पावसात काठाची माती सुटते आणि गाळ पुन्हा तळाशी जातो. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत आपली नाजूक रोपे यायच्या आधी बेशरम येऊन बसते. ज्याला नावे माहीत आहेत तो परके काढून आपले राखू शकतो. ज्याला सारेच गवत आहे, त्याला निवड करता येत नाही.

बायबलच्या वाचकांना या विषयाचे परकेपण वाटू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली असे आपण वाचतो. वनस्पतींचा उल्लेख तिथे नाही. जणू ते काम पुढील पिढ्यांसाठी ठेवले होते. निर्गमाच्या पुस्तकात मोशेच्या आईने आपले तान्हे बाळ ज्या पेटाऱ्यात ठेवले, तो आपल्या मराठी बायबलात लव्हाळ्याचा आहे. नाईल नदीकाठचे ते रोप पपायरस होते आणि पपायरस व आपला लव्हाळा एकाच वंशातील आहेत. भाषांतर करणाऱ्याने अगदी जवळचा शब्द निवडला. ज्याला आपण तण म्हणून उपटतो, त्याच्या भाऊबंदांनी एका बाळाला फारोच्या हातून वाचवले.

म्हणून आमची एक विनंती आहे. या पावसाळ्यात मुलांनी घराजवळच्या ओल्या जागेतील तीन रोपे नीट पाहावीत. दांडा गोल की तीनधारी, पाने समोरासमोर की एकाआड एक, फूल कोणत्या महिन्यात आले, हे वहीत लिहावे. एक फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि खाली गाव व तारीख लिहावी. आजीआजोबांना त्या रोपाचे नाव विचारावे, कारण कित्येक नावे फक्त त्यांच्यापाशी उरली आहेत. अडले तर शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातील जाणकारांना दाखवावे. मात्र केवळ या लेखावरून ओळख पटवून कोणतेही रोप खाऊ नये किंवा औषध म्हणून घेऊ नये.

फादर ब्लॅटर यांना त्यांच्या देशाच्या कायद्याने जागा दिली नाही. त्यांनी दुसऱ्याच्या देशात येऊन, कोणाच्या लेखी नसलेल्या रोपांना पुस्तकात जागा दिली. आपल्या गोदाकाठची रोपे तर आपल्या दारातच आहेत. त्यांना नावाने हाक मारता येईल एवढे तरी आपण शिकू या.

प्रभू आपणा सर्वांना पाहणारे डोळे देवो.